महिपतकाकांचं शेवटचं ट्रेनिंग

महिपतकाका आज रिटायर होणार होते, आणि कंपनीला आजच त्यांना शहाणं करून सोडायचं होतं. माजिवड्याच्या त्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. पण एचआरच्या प्रियांका मॅडम म्हणाल्या, "काका, 'ऑनलाइन शिक्षणाची ओळख' हा कोर्स पेंडिंग आहे. तो झाल्याशिवाय सिस्टीम रिलीव्हिंग लेटर काढत नाही."

"अहो, उद्यापासून मी घरी!"

"म्हणूनच आज."

बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत.

रिटायर होणाऱ्याला वाजतगाजत घरी पोचवायची तिथली रीत. गेटाबाहेर बँजोवाले टेम्पोसकट उभे होते. संध्याकाळी त्यांना शहाडला हळद वाजवायची होती. कळव्याहून रंगूबाई हौसेनं नवऱ्याला न्यायला आलेली. आजवर तिनं कंपनीचं फक्त गेट पाहिलं होतं. तिच्या शेजारी बसून त्या टेम्पोतून चाळीत शिरायचं, एवढीच काकांची इच्छा होती.

कोर्स सोपा होता, कॉम्प्युटरवर व्हिडिओ बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची. व्हिडिओतल्या बाईनं गोड हसून विचारलं, "दहा वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" काका म्हणाले, "देवाला माहीत." अडचण होती कॅमेऱ्याची. कॉपी होऊ नये म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बघायचा. दुसरा चेहरा दिसला की कोर्स पहिल्यापासून. आणि निरोपाच्या दिवशी माणसं काय लांबून हात करतात? रतन हार घालायला आला, कोर्स पहिल्यापासून. सिद्धेशनं गळामिठी मारली, पुन्हा पहिल्यापासून. कँटीनची शेवंती पेढा भरवायला वाकली, तेव्हा तर दोनच प्रश्न उरले होते. मेलं प्रेमही आज मुळावर उठलं होतं.

शेवटी मॅडमनी खोलीचं दार लावून घेतलं. कोर्स संपत आला, तोच दार ढकलून रंगूबाई आत आली. "अहो, बँजोवाले निघतायत!"

"काकू, तिथंच थांबा! कॅमेऱ्यात येऊ नका!"

रंगूबाई दारातच थांबली. बाहेर थांबायची तिला सवयच होती. काकांनी शेजारची खुर्ची ओढली.

"ये गं, बस इथं."

"काका, असं केलंत तर सिस्टीममध्ये तुम्ही रिटायरच होणार नाही!"

"मग पगार पाठवत राहा."

रंगूबाई बसली, पडद्यात बघून तिनं पदर सारखा केला. मग दोघं उठली आणि टेम्पोत जाऊन बसली. बँजो कळव्याच्या चाळीपर्यंत वाजला.

सिस्टीममध्ये महिपतकाका अजून नोकरीत आहेत. पगार मात्र सिस्टीमनं त्याच दिवशी बंद केला.