डावा हात

जीवशास्त्रात पीएच.डी. करायची आणि सोबत शाळेत शिकवूनही दाखवायचं, असा सिद्धेश्वरीचा अभ्यासक्रम होता. भवानी पेठेतल्या शाळेत ती श्वसन शिकवत होती आणि तिचे मार्गदर्शक हिरेमठ सर मागच्या बाकावर बसून गुण देत होते. मध्येच शबाना उठली. "मॅडम, कारखान्यात अब्बांच्या छातीत गेलेली कापसाची धूळ सगळी परत बाहेर येते का?"

"नक्की माहीत नाही गं. आपण शोधू या," सिद्धेश्वरी म्हणाली.

वर्ग सुटल्यावर सर कडाडले, "शिक्षकानं माहीत नाही म्हणायचं नसतं! पोरांना आधी पढवून ठेवायचं की. उत्तर येतंय त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. बघणाऱ्याला सगळा वर्ग हुशार दिसतो."

प्रयोगशाळेत हेच सर सांगायचे की संशोधन 'माहीत नाही'पासूनच सुरू होतं. आता कुठं गेलं ते शहाणपण? पण पदवी त्यांच्याच हातात होती. तिनं मुकाट्यानं पोरांना पढवलं.

पुढच्या पाठाला सगळे हात वर गेले. सरांनी खुशीत मान डोलावली. शबानानंही डावा हात वर धरला होता, अगदी ताठ. सिद्धेश्वरीनं तिच्याकडं न बघता एक उजवा हात निवडला.