कडेवर घेणं

स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि गरगरत गरगरत एकदाचं थांबलं. माझी तीन वर्षांची ठकी झोपेत जराशी हलली, पुन्हा मुठी मिटून झोपली.

"काही नाही, काही नाही!" आईने आतूनच सांगितलं.

मी तिला बाहेर बोलावलं. हाडं, सांधे, स्नायू यांच्या दुखण्याची एक प्रश्नावली मी आमच्या रुग्णालयासाठी परभाषेतून मराठीत आणत होते. सोमवारपासून ती रुग्णांना विचारून पाहायची होती. त्याआधी माझा हात बसावा म्हणून आई. पद्धत अशी, की समोरच्याने उत्तर तर द्यायचंच, पण ते कसं ठरवलं तेही मोठ्याने सांगायचं. विचारणाऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही.

"गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला..."

"तुम्ही? सासू आहे का मी तुझी?"

"आई, कागदावर तसंच आहे."

"बरं बाई, विचारा."

झोप? छान लागते. जिने? चढते की. कपडे घालायला त्रास? "न घालता फिरते का मी?" सगळीकडे 'त्रास नाही'. मी खुणा करत गेले. सरावाला अगदीच कुचकामी माणूस, हिला काही होतच नाही, असं वाटलं.

मग ओझं उचलण्याचा प्रश्न आला. मुळात तिथे बागेतली ढकलगाडी होती. तिसऱ्या मजल्यावर राहणारी माणसं कुठली ढकलगाडी ढकलणार? म्हणून मी 'लहान मूल कडेवर घेणं' असं घातलं होतं, आणि त्यावर खूशही होते.

"त्रास नाही," आई म्हणाली.

"कसं ठरवलंत?"

"घेते ना रोज. आधी तिला खुर्चीवर उभी करते. मग डाव्या हाताने ओढून घ्यायची. उजवा नुसता टेकवायचा, तो वर जात नाही. जिन्यात मध्ये जरा बसते. झालं!"

मी पेन्सिल खाली ठेवली. "कधीपासून?"

"हे आहे का त्या कागदात?"

"आई."

"तू परत कामाला लागलीस तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले, वजन उचलू नका. त्यांना काय जातं म्हणायला!" ती ठकीचा फ्रॉक उगाचच सारखा करत बसली. "मग तू घरी बसणार. 'त्रास नाही' लिही आणि मोकळी हो."

ठकीचे बाबा कामासाठी निम्मा महिना बाहेरगावी. जवळच्या पाळणाघरात जागा नाही. हे दोघींनाही पाठ होतं. मी खूण खोडली आणि 'खूप त्रास'वर केली.

"हट्टी कुठली. कोणावर गेलीस कोण जाणे."

"कोणावर जाणार?"

बोलण्याने ठकी जागी झाली. डोळे चोळत आजीसमोर आली आणि दोन्ही हात वर केले. आई लगेच खुर्ची ओढायला उठली.

"आई, नको." मी ठकीजवळ बसले. "आजीच्या हाताला बाऊ झालाय, राणी. आता आजी उचलून नाही घेणार."

तिने आजीच्या हाताला हळूच बोट लावून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"तू कामाला गेलीस की मला कोण घेणार?"