बियांचं भांडं

शेजारच्या शिंप्याने त्या सकाळी माझ्या काउंटरवर एक कागदी डबा ठेवला आणि दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला. डब्यात चेरीच्या केकचा तुकडा होता. माझ्या बेकरीतला नव्हे, कोपऱ्यावर नवीन निघालेल्या बेकरीतला. शिंपी एरवी भरपूर बोलतो. माझ्या बायकोच्या केकपायी स्वतःची पॅंट दोनदा सैल केली, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "खाऊन बघा. मग बोला."

मी एक घास घेतला. तो माझ्या बायकोचा केक होता.

तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. ती गेली ती चेरीच्या दिवसांतच. चेरी बाजारात येते जेमतेम पाच आठवडे, आणि त्या पाच आठवड्यांवर आमची बेकरी ओळखली जायची. सव्वीस वर्षं आमची कामं ठरलेली होती. चेरीच्या बिया काढायच्या त्या मी. तिच्या केसांचा एक आकडा बुचात खोचून मी त्याचं हत्यार केलं होतं. देठाच्या बाजूने आत घालायचा, फिरवायचा, बी बाहेर. टोपलीभर चेरी झाली की ती हात पुढे करायची, "द्या इकडे," म्हणायची आणि चेरी नि बिया अशी दोन्ही भांडी घेऊन आतल्या खोलीत जायची. दार लोटून घ्यायची. बिया ती मागच्या अंगणात टाकते, असं मी समजत होतो. भांडं रिकामं परत यायचं, त्यामुळे दुसरं काही डोक्यात आलं नाही.

या उन्हाळ्यात पहिल्यांदा सगळं मी एकट्याने केलं. मैदा तोच, लोणी तेच, चेरीवालाही तोच. पण केक तसा लागेना. साखर वाढवून बघितली. लिंबू पिळलं. बदामाच्या इसेन्सची बाटली आणली, तर केकला औषधाचा वास यायला लागला. गिऱ्हाईक तोंडावर चांगलं म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी फक्त पाव घेऊन जायचं. चेरीचे तीन आठवडे असेच गेले. उरलेल्या दोन आठवड्यांत तो केक माझ्या हातून एकदा तरी झाला नाही, तर तो या दुकानातून कायमचा गेला, हे मला कळत होतं.

आणि आता तोच केक कोपऱ्यावर मिळत होता.

कोपऱ्यावरच्या बेकरीत माझी मेहुणी कामाला होती. अकरा वर्षं ती आमच्या काउंटरवर उभी राहिली. बहीण गेल्यावर दोन महिन्यांनी म्हणाली, भाऊजी, इथे मन लागत नाही. मी अडवलं नाही. माझंही लागत नव्हतं.

दुपारी मी त्या बेकरीच्या मागच्या दाराशी गेलो. ती बाहेर आली. तिच्या अ‍ॅप्रनवर दुसऱ्या दुकानाचं नाव शिवलेलं होतं.

"हा केक तुला कोणी शिकवला?"

"तुम्हाला माहीत आहे कोणी."

मग तिने सगळं सांगितलं. गेल्या वर्षी बायको दवाखान्यात होती तेव्हा चेरी नुकतीच आली होती. दुकान सोडून मला दुपारचं जाता येईना, म्हणून दुपारी मेहुणीला मीच पाठवत होतो. त्या दुपारांमध्येच बायकोने तिला सगळं शिकवलं. बिया फोडायच्या नाहीत. चिकटलेल्या गरासकट पातळ कापडात पुरचुंडी बांधायची आणि साखरेच्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळायची. पुरचुंडी काढून घ्यायची, पातेलं खाली उतरवायचं, मगच त्यात चेरी घालायची. सगळी चव त्या बियांची. सव्वीस वर्षं मी माझ्या हाताने काढल्या, आणि या उन्हाळ्यात माझ्याच हाताने केराच्या डब्यात टाकल्या.

त्याच दिवसांत संध्याकाळी दवाखान्यात बायकोजवळ मी बसत असे. एकदा मी विचारलंही होतं, आत जाऊन नक्की काय करतेस ते आता तरी सांग. ती हसली. पुढच्या उन्हाळ्यात सांगते, म्हणाली. पुढचा उन्हाळा नाही, हे डॉक्टरांनी तोवर आम्हा दोघांनाही सांगून झालं होतं. तरी माझ्याकडे बघून ती तसं म्हणाली. त्याच दिवशी दुपारी तिने बहिणीकडून पुरचुंडीची गाठ तीन वेळा बांधून घेतली होती.

मेहुणीला मी विचारलं, "मला का नाही सांगितलं तिने?"

ती अ‍ॅप्रनला हात पुसत राहिली. "तो माणूस मोजपट्टी घेऊन दुकानात आला होता ना, भट्टी बघायला? मी काउंटरवर होते. मी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, दुकानच राहणार नसेल तर ह्यांना सांगून काय उपयोग. तू कुठेही कर, पण कर."

"मी त्या माणसाला नाही म्हटलं होतं."

"कधी?"

तो माणूस दुकान विकत घ्यायला आला होता. तिच्याशिवाय मला दुकान झेपणार नाही असं वाटून मीच त्याला बोलावलं होतं, कोणाला न सांगता. नाही म्हणायला मला आठ दिवस लागले. सहाव्या दिवशी ती गेली.

"तू मला विचारायचं होतंस," मी म्हणालो.

"तुम्ही सांगायचं होतंत, भाऊजी." ती आत जाता जाता थांबली. "तिथे कोणाचं नाव नाही लावलेलं केकला. नुसता चेरीचा केक म्हणतात."

त्याचं मला बरं वाटावं, असं तिला वाटलं असेल. मला वाटलं नाही.

घरी आलो. राग दोघींवर होता. मेहुणीवरचा निदान तोंडावर काढता आला असता. बायकोवरचा घेऊन कुठे जायचं? ती माझ्याकडे बघून हसली होती, ते हसू मी वर्षभर जपलं होतं. आता ते आठवलं की त्यात मला मोजपट्टीवाला माणूस दिसतो. तिला ठाऊक होतं, आणि तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हेही मला नीट माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी चेरीवाला टोपली ठेवून गेला. मी आकडा घेऊन बसलो आणि सगळ्या बिया काढल्या. या वेळी टाकल्या नाहीत. दोन्ही भांडी उचलून आतल्या खोलीत गेलो. तिचं पातळ कापड खिळ्याला टांगलेलं होतं, धुतलेलं, मधोमध फिकट लाल डाग पडलेलं. वर्षभर ते मी भट्टीचं फडकं समजत होतो.

चेरीचे अजून बारा दिवस आहेत. बियांचं भांडं ओट्यावर आहे, कापड त्याच्या शेजारी. पुरचुंडी मी अजून बांधलेली नाही.