आडवी अंडी

डे मॉइन शहरातल्या दोन खोल्यांच्या कंपनीत नॅडीन ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्डाकडून पडद्यावर चित्र काढून घेणारे प्रोग्राम, लिहायची. त्या काळी पडद्यावरचे ठिपके चौरस नसायचे. कुठल्या कार्डाचे उंच, तर कुठल्याचे बसके. म्हणून दरवेळी आकडे जुळवायचे, वर्तुळ काढायचं आणि त्यावर कॉफीच्या डब्याचं झाकण धरून पाहायचं, ही तिथली रीत.

नव्या कार्डाचं वर्तुळ झाकणाशी तंतोतंत जुळलं. ड्रायव्हरच्या फ्लॉप्या रवाना झाल्या आणि फोन खणखणू लागले. गिऱ्हाइकांच्या पडद्यावर वर्तुळांची आडवी अंडी झाली होती.

नॅडीनने पुन्हा झाकण धरलं. वर्तुळ गोल गरगरीत. "यांचे डोळे तपासून घ्यायला हवेत," ती फणकारली.

"अगं, सुरुवातीला तुझ्या पडद्यावर मलाही चपटंच दिसायचं," मालक वॉल्ट डोनट चावत म्हणाला. "तू सुट्टीवर होतीस ना, तेव्हा तुझ्या मॉनिटरच्या मागचं बटण पिळलं. झालं गोल."

नॅडीनने हातातलं झाकण सावकाश खाली ठेवलं. "म्हणजे तू पडद्यावरचं चित्र उभं ताणलंस, आणि मी आठवडाभर त्या ताणलेल्या पडद्याला आकडे जुळवत बसले?"

"मग गिऱ्हाइकांनाही बटण पिळायला सांगू या."

"वॉल्ट, तू डोनट खा."

तिने बटण जागेवर आणलं, आकडे सुधारले, नव्या फ्लॉप्या पाठवल्या. तक्रारी थांबल्या. एकच फोन आला, अंडी उबवणी केंद्राच्या मॅनेजरचा.

"बाई, जुनीच फ्लॉपी परत पाठवता का? आमच्या तक्त्यातली अंडी तुम्ही पार गोल करून टाकलीत."