भिंतीवरचा धाकटा

सुनेत्राने चित्र थांबवलं, थोडं मागे नेलं आणि पुन्हा थांबवलं. पडद्यावर ‘सरपोतदारांची सून’मधला तो ओळखीचा दिवाणखाना होता. तोच झोपाळा, तोच वळणाचा जिना, आणि भिंतीकडे तोंड करून रडणारी सासू. चार वर्षांपूर्वी बंद झालेली ही मालिका येत्या सोमवारपासून नव्या पर्वात परत येणार होती. पहिले दोन भाग वाहिनीने परीक्षणासाठी आधीच पाठवले होते आणि रविवारच्या पुरवणीतलं मालिकांचं सदर गेली कित्येक वर्षं सुनेत्राच लिहीत होती.

अर्धं परीक्षण तिने लिहूनही टाकलं होतं. ‘पहिल्या पर्वात ज्याचं कुणी नावसुद्धा घेतलं नाही, असा एक धाकटा मुलगा दुसऱ्या पर्वात थेट भिंतीवर दिसतो, चंदनाच्या हारासकट. जन्म दाखवायचा राहिला तर राहिला, निदान मरण तरी दाखवायचं.’ हे वाक्य तिचं तिलाच आवडलं होतं. मग कॅमेरा सासूच्या खांद्यावरून पुढे सरकला आणि त्या धाकट्याचा चेहरा पडदाभर झाला.

तो अभय होता. तिचा सख्खा धाकटा भाऊ.

शंकेला जागाच नव्हती. निळा शर्ट, कॉलरचं एक टोक वर उठलेलं, मान जराशी डावीकडे. नोकरीच्या अर्जासाठी म्हणून लालबागच्या एका स्टुडिओत काढलेला फोटो. स्टुडिओवाल्याला तो इतका आवडला की त्याने मोठा करून दुकानाच्या काचेत लावला. तेव्हापासून काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत अभयचं नावच हिरो पडलं. काय हिरो, टीव्हीवर कधी येतोस, म्हणून येताजाता जो तो त्याला छेडायचा. तो लाजायचा, पण लालबागला गेला की त्या काचेसमोरून मुद्दाम हळू चालायचा.

त्यानंतर वर्षभरातच एका सकाळी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कामाला लागतोय म्हणून तो घरातून निघाला आणि परत आलाच नाही. वखारीत पोचलाच नव्हता. पोलीस झाले, इस्पितळं झाली. नको त्या जागी जाऊन वडिलांनी नको त्या चादरी उचलून पाहिल्या. नाही म्हणजे नाहीच. वडील, गंगाधरराव, त्या शोधातच खचले आणि पुढे दोन वर्षांनी गेले. या सगळ्याला आता एकोणीस वर्षं होत आली होती.

घरात एक नियम होता, कुणी कधी बोलून न दाखवलेला. गेलेली माणसं भिंतीवर, असलेली शोकेसमध्ये. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या बाजूला खाली गंगाधररावांचा हार घातलेला फोटो. अभयचा फोटो, तोच निळ्या शर्टातला, शोकेसमध्ये, सुनेत्राला मिळालेल्या सन्मानचिन्हाला टेकवून उभा. आई, म्हणजे बकुळाबाई, दर रविवारी तो पुसायची आणि होता तिथेच ठेवायची. एक फूलसुद्धा त्याच्यापुढे ठेवू द्यायची नाही. सुरुवातीला कुणीकुणी सांत्वनाला यायचे, त्यांना चहा पाजून ती विषय बदलायची. रडताना तिला सुनेत्राने कधी पाहिलं नव्हतं. दुसरीकडे राहायला जाऊ म्हटलं तर, तो आला तर कुठं शोधेल, एवढंच म्हणायची.

आणि ही आई रोज रात्री आठला मालिका लावून बसायची. ‘सरपोतदारांची सून’ तर तिची जीव की प्राण. सोमवारी आठ वाजता तिला पोराच्या गळ्यात हार दिसणार होता. एकोणीस वर्षं जी एक आस धरून ती उभी होती ती एका क्षणात कुणीतरी हातातून काढून घेणार होतं, तेही सासूसुनेच्या भांडणाच्या मधोमध.

सुनेत्राने वाहिनीच्या प्रसिद्धी विभागातल्या मेघनाला फोन लावला. दोघींची ओळख जुनी. मेघनाने तासाभरात चौकशी करून सांगितलं, की लालबागला एक स्टुडिओ बंद झाला, तेव्हा तिथल्या सगळ्या फ्रेमा फोटोंसकट सेटवाल्यांनी उचलल्या. मेलेली माणसं काय, प्रत्येक मालिकेला लागतातच. त्या फोटोंत कोण आहे ते बघत बसायला वेळ कुणाला असतो?

“गेलेत ना पण ते?” मेघनाने विचारलं. “तुझे कुणी लागतात का?”

सुनेत्राने समोरच्या पडद्यावरचं चित्र बंद केलं.

“म्हणजे बघ, माणूस जिवंत असेल तर प्रश्नच मिटला. तसं दोन ओळींत लेखी दे. मी लगेच फोटो काढायला लावते.”

दोन ओळी. दर आठवड्याला हजार शब्द पाडणाऱ्या बाईला त्या दोन ओळी काही जमेनात. ‘फोटोतली व्यक्ती हयात आहे’ एवढं तिने लिहिलं, बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि पुसून टाकलं. कुणी पुरावा मागितला असता म्हणून नव्हे. आपल्याला तसं वाटत नाही, कधीपासूनच वाटत नाही, हे तिला त्या एका वाक्यासमोर बसल्यावर कळलं. मग तिने मेघनाला, जाऊ दे, बघते मी, असं कळवलं आणि दुसरा मार्ग धरला.

आईचा एक शिरस्ता होता. लेकीने पेपरात नावं ठेवलेली मालिका घरात लावायची नाही. दोघींची आवड जुळायची असं मुळीच नाही. सुनेत्राला जे रटाळ वाटे ते आईला हमखास गोड वाटे. पण मुलीनेच वाईट लिहिलंय आणि मीच बघत बसले तर चाळीत काय शोभा, असं तिचं म्हणणं. तेव्हा सुनेत्राने परीक्षण फाडलं आणि नव्याने लिहायला बसली.

असं झोडपलं, की विचारू नका. कथा शिळी, संवाद पोकळ, सून लाकडाची. सासूबद्दल तर तिने लिहिलं, ‘यांचं रडणं बघून ग्लिसरीनलाही लाज वाटावी.’ खरं सांगायचं तर ती नटी बरी रडत होती. फोटोसमोर उभी राहून ती आधी हाराचं टोक सरळ करायची आणि मग तिचा चेहरा हळूहळू मोडायचा. चांगलं काम होतं ते. एरवी सुनेत्राने त्यावर परिच्छेदभर लिहिलं असतं. पण त्या दिवशी तिला खऱ्याखोट्याशी काही देणंघेणं नव्हतं.

रविवारी आईने चष्मा लावून ते सगळं वाचलं, ओळीखाली अंगठा सरकवत. “बरं,” म्हणाली आणि पेपराची घडी घातली. त्या आठवड्यात सुनेत्रा मुद्दाम आठच्या आत घरी येत राहिली. सोमवारी आठला आईने टीव्ही लावलाच नाही. शेवंतीची सून माहेरी गेलीय, एकटीच असते बिचारी, जरा बसते तिच्याकडे, असं म्हणून उठून गेली. शेवंतीकाकू दोन दारं सोडून राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या, आईच्या चाळीसेक वर्षांच्या सोबतीण. मंगळवारीही आई गेली, बुधवारीही. सुनेत्राने सुटकेचा निःश्वास टाकला.

सुटका आईची झाली असेल, तिची नाही. मालिकेवर तिला लक्ष ठेवावंच लागे, म्हणून रोजचा भाग ती दुसऱ्या दिवशी ऑफिसात कानात इअरफोन घालून बघायची. अभय सगळीकडे होता. कुणी चहा घेऊन आलं की त्याच्या मागे अभय. कारस्थानं शिजायची ती अभयच्या खाली. तिथं त्याला विक्रांत म्हणत. कधी कॅमेरा दुसऱ्याच कुणावर असायचा आणि भिंत मागे धूसर व्हायची, तरी त्या धुरकट निळ्या ठिपक्याची मान डावीकडे झुकलेली आहे हे तिला कळायचं. ती संवाद ऐकायची विसरून जायची. असली घरं, असले झोपाळे, असल्या आडनावांची माणसंच का म्हणून दाखवता, आमच्यासारख्यांचं एक घर तरी दाखवा, असं तिने आजवर कितीदा लिहिलं असेल. आता त्या घरात आपल्यातला एक शिरला होता, आणि शिरला तो असा. घरी आली की ती शोकेसकडे पाठ करून जेवायची. मानेवर कुणाचीतरी नजर असल्यासारखं वाटत राही.

एवढ्यात घरातला मेणबत्त्यांचा पुडाही लवकर संपायला लागला होता. आई संध्याकाळी बुद्धापुढे एकच लावते, मग बाकीच्या जातात कुठं, असं एकदा तिच्या मनात आलं आणि राहून गेलं.

तिसऱ्या आठवड्यात मेघनाचा स्वतःहून फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

“त्या फोटोमुळेच एवढं झोडपलंस ना आम्हाला? मला नंतर लक्षात आलं. हे बघ, लेखीबिखी काही नको. पुढच्या भागांपासून फ्रेम बदलून टाकतो. अख्खी सून बदलली तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही, मग फोटो बदलला तर कोण विचारतंय. फक्त आज रात्रीपर्यंत हो म्हण, उद्या शूटिंग आहे.”

सुनेत्राचे डोळेच भरून आले. हो म्हणायला कसली रात्र हवी होती? पण तेवढ्यात संपादकांनी हाक मारली आणि घरी जाऊन कळवते म्हणून तिने फोन ठेवला. त्या दिवशी ती लवकरच निघाली. आईसाठी गरम बटाटेवडे घेतले. आता पुढच्या आठवड्यात मालिकेबद्दल दोन बरे शब्द लिहायचे, म्हणजे आई घरीच बघेल, असंही तिने ठरवून टाकलं.

ती पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते आणि दाराला कुलूप होतं. किल्ली आईपाशी. ती तशीच वड्यांची पिशवी घेऊन शेवंतीकाकूंच्या दाराशी गेली. दार लोटलेलं होतं आणि आतून तो ओळखीचा रडण्याचा आवाज येत होता. सासूचा.

सुनेत्राने दार ढकललं. आत दिवा मालवलेला होता. शेवंतीकाकू खाटेवर, आई खाली चटईवर, टीव्हीच्या अगदी जवळ. पडद्यावर सासू हाराचं टोक सरळ करत होती आणि तिच्या वर अभय होता. टीव्हीखालच्या टेबलावर, स्टीलच्या वाटीत, एक मेणबत्ती जळत होती.

शेवंतीकाकूंनी तिला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. “बस गो,” एवढंच हळू म्हणाल्या. जाहिराती लागल्या तेव्हा आईने मान वळवली. चोरी पकडल्यासारखी ती दचकली नाही. तिने चटईवर जागा करून दिली.

“पहिल्या दिवशी शेवंतीनंच बघितलं,” आई म्हणाली. “म्हणाली, बकुळा, आपला हिरो आला बघ टीव्हीवर.”

सुनेत्राने उभ्याउभ्याच विचारलं, आई, तुला त्रास नाही होत?

“घरी मी रडले तर तो गेला असं होईल,” आई म्हणाली. “इथं ही बाई रोज रडते त्याच्यासाठी. हार नीट करते. मला नाही जमलं ते करते. तिला नावं ठेवू नकोस गं.”

मग वाटीतल्या मेणबत्तीकडे बघून जरा ओशाळल्यासारखं म्हणाली, “ते मालिकेतले लोक तेलाचा दिवा लावतात. आपल्यातलं त्यांना काय माहीत. म्हणून मी येताना घरून घेऊन येते.”

सुनेत्रा वडे तिथेच ठेवून बाहेर गॅलरीत आली. खाली मंडळाची पोरं कसल्यातरी वर्गणीवरून हुज्जत घालत होती. तिने कठड्याला टेकून मेघनाला फोन लावला.

“फोटो बदलू नका,” ती म्हणाली.

“अगं, पण तूच ना...” मेघना गोंधळली. “सगळं ठरवून बसलेय मी. सेटवाल्यांना आता काय सांगू?”

सुनेत्राने दारातून आत पाहिलं. आई पुढे वाकून, वाऱ्याने विझू नये म्हणून ज्योतीला तळहाताचा आडोसा करत होती.

“सांग, घरच्यांची हरकत नाही.”

तिने फोन ठेवला. आत जाहिराती संपल्या होत्या. ती परत गेली, दार नीट लोटून घेतलं आणि आईशेजारी चटईवर बसली.