उलट्या दरबाराची मिशी

मित्रांनो, नटांच्या ओठांना माझ्यामुळे खाज सुटते, असं म्हणतात. आज मात्र मलाच चैन नाही. सकाळपासून या डबीत नुसती कूस बदलते आहे. म्हटलं, निदान तुमच्या कानावर तरी घालावं. मी एक जुनी मिशी आहे. साधीसुधी नाही बरं का, बादशहा बेफिकीरशहाची!

माझा जन्म अमरावतीचा. मैनाबाईंनी आपलं गंगावन कापलं, मच्छरदाणीच्या तुकड्यावर एकेक केस ओवला आणि मला घडवलं. त्याला तीस वर्षं झाली. त्यांचे यजमान जानराव बादशहाचं काम करायचे. नाटकाचं नाव 'उलटा दरबार'. इतिहासातले सात छोटे छोटे विनोदी प्रवेश, आणि इतिहास सगळा मनाचा! एका प्रवेशात दोन्ही फौजा ठेचा-भाकरीसाठी लढाई थांबवायच्या आणि जेवल्यावर जडावून कुणी उठायचंच नाही. आमच्या मंडळीतल्या चिंतामण वकिलांनी हे सगळं सुरेख अक्षरात वहीत लिहून ठेवलं होतं.

पण प्रत्येक प्रवेशात एक ओळ रिकामी होती. बादशहा पुढे येऊन विचारायचा, "प्रजाजनहो, तुमची तक्रार काय?" त्याच्यापुढे वहीत नुसती टिंबं.

ती जागा मैनाबाई भरायच्या. ज्या गावी प्रयोग असेल, तिथल्या बाजारात त्या सकाळीच शिरायच्या. पाव किलो भाजी घ्यायला दोन तास! कोण कुणावर चिडलंय, काय बंद पडलंय, कशाची बोंब आहे, सगळं ऐकून यायच्या आणि मला जानरावांच्या ओठावर चिकटवता चिकटवता त्यांच्या कानात सांगायच्या. मी तिथेच, त्यामुळे पहिलं हसू मलाच यायचं. धामणगावला बादशहाचा हत्ती सकाळपासून रेल्वेच्या फाटकात अडकलेला असायचा. परतवाड्याला सगळी शाही फौज जीपमध्ये ताटकळायची, कारण अकरावी सवारी मिळाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. लोक हसून हसून गडबडा लोळायचे. प्रयोग संपल्यावर आत येऊन मला हात लावून बघायचे. काय सांगू, मी फुगून दुप्पट व्हायचे!

मग जानराव गेले आणि आमचा दरबार वकिलांच्या घरी ट्रंकेत गेला. बारा वर्षं मी डांबराच्या गोळ्यांचा वास घेत पडून होते.

यंदा ट्रंक उघडली. वकिलांचा नातू ईशान पुण्याला नाटक शिकून आला होता. त्याने 'उलटा दरबार' पुन्हा करायचं ठरवलं. पोरगा मन लावून करत होता, खोटं कशाला बोलू? आजोबांच्या वहीला रोज नमस्कार करायचा. "यातलं एक अक्षर बदलायचं नाही," असं त्याने सगळ्यांना बजावलं. प्रयोग तीनच ठरले: अमरावती, अकोला आणि परतवाडा. अकोल्यापर्यंत रंगलं नाही, तर परतवाडा रद्द आणि आमची रवानगी एका कॉलेजच्या काचेच्या कपाटात! ते ऐकून माझे केस न् केस उभे राहिले.

अमरावतीला मी विपुल नावाच्या नव्या बादशहाच्या ओठावर बसले. त्याने विचारलं, "प्रजाजनहो, तुमची तक्रार काय?" आणि तो गप्प झाला. मोजून सहा सेकंद, नजर कुठेतरी लांब. अहो, टिंबं म्हणजे शांतता, असा अर्थ लावला होता या शहाण्यांनी! मी कासावीस झाले. बोल की रे बाबा! पण तोंडावर बसूनही मला तोंड नाही, हीच तर माझी रड आहे. असं सात प्रवेशांत सात वेळा झालं. मैनाबाईंना शाल आणि नारळ देऊन पहिल्या रांगेत बसवलं होतं, पण आत रंगपटात कुणी बोलावलं नाही. निघताना लोक म्हणत होते, "पयले लय मजा ये बावा. आता काहून असं करून राहिले?"

अकोल्याला तर उन्हाने कहर केला होता. दुपारचा प्रयोग, हॉल भट्टीसारखा तापलेला, माणसं हातातल्या कागदाने वारा घेत होती. विपुलने प्रश्न विचारला आणि तो पुन्हा तसाच मुका उभा राहिला. घामाने मी एका बाजूने सुटायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "काहून मुका झाला रे बादशा? त्या कूलरले इचार ना, वारा कोनत्या जन्मात देशीन म्हणून! निस्ता बोंबलूनच राहिला थो!"

हॉलमध्ये एकच हशा फुटला! बारा वर्षांनी मी मैनाबाईंचा तो आवाज ऐकला; इथेही त्यांना मानाने आणून बसवलं होतं. विपुललाही हसू आवरेना, त्याने कूलरकडे वळून तोंड उघडलंसुद्धा. पण विंगेतून ईशानने हात करून त्याला थांबवलं, आणि बिचाऱ्याने वहीतली पुढची ओळ म्हटली. हसू तिथेच विरलं. मध्यंतरानंतर निम्मा हॉल रिकामा होता.

प्रयोग संपल्यावर ईशानने फोन करून परतवाडा रद्द केला आणि तो तसाच मैनाबाईंकडे आला. मी अजून विपुलच्या ओठावर लोंबकळत होते.

"आजी, तुम्ही मधेच बोललात. आमचा पॉज मोडला."

"कोनता पॉज?"

त्याने वही उघडून टिंबं दाखवली. मैनाबाईंनी वाकून पाहिलं. मग इतक्या हसल्या, की पदराने डोळे पुसायला लागले.

"अरे माह्या राज्या, थे चुप बसाले नाही ठेवलं होतं. थ्या माह्या जागा होत्या. गावात जे कानावर पडे, थे भरत होतो आमी तिथं."

ईशानने भराभर पानं उलटून सातही जागा पाहिल्या. "आम्ही दोन महिने त्या गप्प बसण्याची तालीम केली हो, आजी! तुम्ही आधी सांगितलं का नाही?"

"शाल देली, नारळ देला, खुर्ची देली. इचारलं कोनं?"

ईशानचा चेहरा पडला. खिशातून पेन काढून तो म्हणाला, "मग आता सांगा. काय भरू?"

"मले काय माहीत? माहे गुडघे गेले, बजार सुटला. तूच जा आता परतवाड्याले."

"पण तिथला प्रयोग रद्द झाला, आजी."

"प्रयोग रद्द झाला. बजार झाला काय रद्द?"

असं म्हणून त्यांनी मला विपुलच्या ओठावरून अलगद सोडवलं आणि घरी आणून या डबीत ठेवलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तू जपा, जरूर जपा. पण ती वस्तू घडवणारं माणूस समोर बसलेलं असेल, तर शाल घालण्याआधी त्याच्याशी चार शब्द बोला. काचेच्या कपाटात मी शंभर वर्षं टिकेन, पण हसवीन कुणाला?

आज परतवाड्याचा बाजार आहे. ईशान सकाळच्या गाडीने गेला, अजून आला नाही. चार वाजले, पाच वाजले. माझा जीव खालीवर होतो आहे. विपुल दोनदा येऊन विचारून गेला. मैनाबाई मात्र शांत आहेत.

"येऊ दे उशिरा," त्या म्हणतात. "लवकर आला असता, तं मी समजली असती, निस्ती भाजी आनली."