पाठीवरची नखाची चंद्रकोर

मित्रांनो, मी एक जुना लोहचुंबक आहे, आणि तोही कोपरा उडालेला. आकाराने काडेपेटीएवढा. सध्या माझा मुक्काम एका शिलाई यंत्राच्या लोखंडी पायावर असतो. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचणे हे माझे काम. दिवसभरात कुणाच्या पायात टाचणी रुतली नाही, की मी भरून पावलो. पण मी टाचण्या वेचायला जन्मलो नव्हतो. मी मोटर फिरवायला जन्मलो होतो.

माझा जन्म काही लाडाकोडात झाला नाही. आधी मी नुसती राखाडी भुकटी होतो. मला साच्यात दाबले, भट्टीत भाजले, कापले, घासले आणि वरून चकचकीत मुलामा चढवला. शेवटी तारेच्या जाड वेटोळ्यात ठेवून विजेचा असा तडाखा दिला, की माझ्या अंगात कायमची ओढ भरली. तेव्हापासून लोखंड दिसले की मी धाव घेतो. हा माझा गुण. याच गुणाने पुढे एका बाईचा घात केला.

आम्ही आठ भाऊ एका कारखान्यात आलो. मोटरच्या पोटात जो लोखंडी गोळा फिरतो, त्याला रोटर म्हणतात. त्याच्या अंगात आठ खाचा. खाचेत आधी गोंद, मग आम्ही, मग सगळा रोटर ओव्हनमध्ये. गोंद नीट भाजला की दगड होतो, कच्चा राहिला की शेंबूड.

आम्हाला खाचेत बसवणाऱ्या बाईला सगळा कारखाना मावशी म्हणत असे. तिच्या डाव्या तर्जनीचे टोक चपटे होते. आमच्यासारखेच दोघे चुंबक एकदा एकमेकांवर झेपावले आणि मध्ये तिचे बोट होते. तरी ती आम्हाला उचलताना म्हणे, "सावकाश रे बाबांनो. भांडायचं ते खाचेत जाऊन भांडा."

तिच्याकडे तिची स्वतःची एक पितळी दांडी होती. ओव्हनमधून काढलेला रोटर गार झाला, की ती एकेका चुंबकावर दांडीने हलकेच ठोके द्यायची. दांडी पितळेची, कारण लोखंडाची असती तर आम्ही ती सोडलीच नसती. 'टण' आवाज आला की चुंबक घट्ट. 'ठप' आला की आत काहीतरी कच्चे. आठही जण 'टण' बोलले, तरच ती रोटरच्या कार्डावर आपल्या नावाचा शिक्का मारी.

ती अकरा वर्षे तात्पुरती कामगार होती. ओव्हनवाला काका तिला चिडवायचा, "मावशी, हे चुंबक एका तडाख्यात कायम होतात. तुझं घोडं कुठे अडलंय?"

"तडाखे काय मला कमी बसलेत होय?" ती हसून म्हणे. "माझा मुलामाच चांगला, म्हणून दिसत नाहीत."

आता मात्र नऊ दिवसांनी तिला कायम केल्याचे पत्र मिळणार होते. अट एकच : तोवर तिच्या नावावर एकही चूक लागता कामा नये.

तिच्या विभागाचा प्रमुख होता तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्याला हाताला धरून कारखान्यात आणले ते मावशीनेच. सगळा कारखाना तिला मावशी म्हणत असताना, ज्याची ती खरी मावशी त्या पोराने मात्र तिला 'बाई' म्हणायला सुरुवात केली होती. खुर्ची मिळाली की काही जणांना नाती टोचू लागतात.

त्या दिवशी दुपारी मोटर पाहायला गिऱ्हाईक येणार होते. आमचा रोटर ओव्हनमध्ये गेला तसा भाचा काकाला म्हणाला, "दार लावल्यापासून अर्धा तास मोजा आणि काढा."

मावशी पुढे आली. "अरे, वेळ दार लावल्यापासून नसतो मोजायचा. लोखंड तापल्यापासून मोजायचा. अर्ध्या तासात त्याची नुसती कातडी तापते. हाडापर्यंत ऊब गेल्याशिवाय गोंद कसा भाजेल?"

"बाई, चुंबक आहे तो. लोखंडाला आपोआप चिकटतो. गोंद नसता तरी चाललं असतं."

"उभ्या रोटरात चिकटेल. पण फिरायला लागला की?"

"तुम्ही सातवीपर्यंत शिकलात ना? मग सातवीपुरतंच बोला."

चार जण हसले. मावशीही हसली, कारण न हसून कुठे जाणार? अर्ध्या तासाने आम्ही बाहेर आलो. गार झाल्यावर तिने दांडीने ठोकून पाहिले. आठांपैकी पाच जण 'ठप' बोललो, त्यात मी एक. तिने रोटरवर लाल खडूने फुली मारली, कार्ड कोरे ठेवले आणि ती जेवायला गेली.

भाचा आला. त्याने अंगठ्याला थुंकी लावून फुली पुसली. मावशीच्या खणातून तिचा शिक्का काढला आणि कार्डावर उमटवला. मी हे सारे पाहिले, मित्रांनो. पण माझ्याकडे फक्त ओढ आहे, वाचा नाही.

गिऱ्हाइकांसमोर मोटर सुरू झाली. पहिली काही मिनिटे मी कसाबसा तग धरला. वेग वाढला तसा पाठीखालचा गोंद सरकू लागला, मी खाचेच्या भिंतींवर आदळू लागलो आणि माझा कोपरा उडाला. आम्ही चुंबक दिसायला दणकट, पण मनाने काचेचे. तो तुकडा रोटर आणि मोटरची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत अडकला. एक किंकाळी फुटली आणि मोटर जागच्या जागी थिजली. गिऱ्हाइके चहासुद्धा न घेता निघून गेली.

मला उपटून मालकांच्या टेबलावर कागदावर ठेवले. मावशीला बोलावले.

"शिक्का बाईंचाच आहे, साहेब," भाचा म्हणाला.

"शिक्का माझा आहे, पण तो मी मारलेला नाही," मावशी म्हणाली. "मी फुली मारली होती."

"कुठे आहे फुली?"

मावशीने माझ्याकडे बोट दाखवले. "साहेब, याच्या पाठीवरच्या गोंदाला नख लावून बघा. भाजलेल्या गोंदावर नख उठत नाही. यावर उठेल. यात माझा हात नाही, हे तुम्हालाच कळेल."

मित्रांनो, एवढेच करायचे होते. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर पडलो होतो, पाठ वर करून. मालकांनी हात पुढे केला, माझ्या चिकट पाठीकडे पाहिले, मग स्वतःच्या स्वच्छ नखांकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

"आता काय चुंबकाची साक्ष काढणार?" भाचा म्हणाला. सगळी खोली हसली.

"माझ्या आईशपथ सांग बरं," मावशी हळूच त्याला म्हणाली. त्याची आजीच ती. त्याने खिडकीकडे तोंड फिरवले.

तिला त्याच दिवशी काढून टाकले. दारात भाच्याने मला तिच्याकडे भिरकावले. "घेऊन जा तुमचा साक्षीदार." मी धडकलो तिच्या डब्याच्या लोखंडी झाकणावर आणि तिथेच चिकटलो. मला दुसरे काय येते?

घरी तिने मला झाकणावरून सोडवले आणि अंगठ्याचे नख माझ्या पाठीत रुतवले. चंद्रकोर उमटली. तिने ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. दाखवायला कुणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिची बहीण आली. रडेल असे मला वाटले होते. ती म्हणाली, "ताई, झालं ते झालं. पण त्याचं नाव कुठे काढू नकोस हं. त्याचं लग्न जमायचंय."

"नाही काढत," मावशी म्हणाली. "चहा घे."

गोंद उष्णतेवाचूनही वाळतो, फक्त सावकाश. आठवडाभरात माझी पाठ दगडासारखी झाली आणि ती चंद्रकोर आत तशीच राहिली. ज्या दिवशी मावशीला पत्र मिळायचे होते, त्या दिवशी ती लोकांचे फॉल शिवत होती.

सहा महिन्यांनी भाचा दारात उभा राहिला. कारखान्यात परत आलेल्या मोटरींचा ढीग लागला होता. आत न येता त्याने विचारले, "मावशी, ती पितळी दांडी आहे का गं तुझ्याकडे?"

सहा महिन्यांत नाते पुन्हा सापडले होते!

मावशीने दांडी काढून त्याच्या हातात दिली. "घेऊन जा. पण कान कुठून आणशील?"

तो दांडी घेऊन गेला. मावशीने त्याला बोलावले नाही, त्यानेही मागे पाहिले नाही. तिने मशीनला पाय लावला, आणि खाली पडलेली टाचणी मी गुपचूप ओढून घेतली.

मित्रांनो, माझी विनवणी लहानशीच आहे. जो आपणहून चिकटून राहतो, त्यालाही नीट धरून ठेवावे लागते. आणि कुणावर ठपका ठेवण्याआधी एकदा तरी आपले नख मळू द्या. माझी पाठ आता वाळली आहे. आज कुणी कितीही नख लावले, तरी त्यावर काही उठणार नाही.